गरोदरपणातील शरीरसंबंध: मनाई कोणाला आणि कशासाठी?

गरोदरपणात पती-पत्नींनी शरीरसंबंध ठेवावेत की नाहीत, हा प्रश्न तपासणीच्या खोलीत क्वचितच विचारला जातो, आणि म्हणूनच बहुतेक जोडप्यांच्या वाट्याला ऐकीव माहिती तरी येते किंवा कारण न सांगता केलेली मनाई तरी. पवनेच्या काठावरील पिंपळे सौदागरसारख्या उपनगरात ही उणीव अधिक जाणवते. कारण गेल्या काही दशकांत येथील शेतांच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहिली आणि हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत किंवा पिंपरी-चिंचवड-चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी तरुण जोडपी गावाकडच्या माणसांपासून दूर येथे राहू लागली. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी जाण्याची रीत होती तोवर शेवटच्या महिन्यांपुरता हा प्रश्न आपोआप मिटत असे. आता नोकरीमुळे आणि नाव नोंदवलेले रुग्णालय जवळच असल्यामुळे अनेक मुली फ्लॅटवरच राहतात, आईच मदतीला येते, आणि पती-पत्नी प्रसूतीच्या दिवसापर्यंत एकत्र असतात.

मनाईची परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने टाळावयाच्या गोष्टी सांगताना व्यवाय, म्हणजे शरीरसंबंध, याचा उल्लेख रात्रीचे जागरण, दिवसाची झोप, शोक आणि वाहनात बसणे यांच्या बरोबरीने येतो. गर्भाशयाच्या आत काय चालले आहे हे पाहण्याचे कोणतेही साधन नसलेल्या काळात सर्वांनाच सावध करणे समंजसपणाचे होते, हे मान्य करायला हवे. परंतु सोनोग्राफी गल्लोगल्ली पोहोचल्यानंतरही तोच सरसकट निषेध चालू ठेवण्याला आधार उरत नाही. जून २०१७ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या माता-बालसंगोपनविषयक पुस्तिकेत गर्भवतीने क्रोध, आसक्ती व वासना यांपासून दूर राहावे असा सल्ला असल्यावरून देशभर टीका झाली, आणि पुस्तिकेत शरीरसंबंधांना मनाई केलेली नाही असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला.

वैद्यकशास्त्राचे आजचे मत स्पष्ट आहे: गरोदरपण निर्धोक चालू असेल तर शरीरसंबंधांमुळे बाळाला अपाय होत नाही. गर्भ हा गर्भजलाने भरलेल्या पिशवीत, गर्भाशयाच्या स्नायूंच्या जाड भिंतीआड असतो, आणि गर्भाशयाचे मुख बंद असून चिकट स्रावाच्या बुचाने झाकलेले असते. त्यामुळे बाळाला धक्का बसेल ही भीती शरीररचनेला धरून नाही. कामपूर्तीच्या वेळी पोट घट्ट झाल्यासारखे वाटते ते गर्भाशयाच्या आकुंचनामुळे, आणि निरोगी गरोदरपणात ही आकुंचने थोड्या वेळात ओसरतात. वीर्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची, गर्भाशयाचे मुख मऊ करणारी द्रव्ये असतात, म्हणून दिवस भरल्यावर संबंधांमुळे कळा सुरू होतात असे सांगितले जाते. पण तसे खात्रीने घडते असे अभ्यासांतून दिसलेले नाही. आणखी एक गोष्ट ठासून सांगणे आवश्यक आहे. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपात हे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात, आणि अशा वेळी ‘त्या रात्री तसे झाले नसते तर’ या विचाराने स्वतःला दोषी ठरवणाऱ्या स्त्रीला हे कोणीतरी वेळीच सांगितले पाहिजे.

मनाई लागू होते ती ठरावीक परिस्थितीत. बोलीभाषेत ‘वार खाली आहे’ असे म्हणतात, तेव्हा वार, म्हणजे बाळाचे पोषण करणारा अवयव, गर्भाशयाच्या तळाशी किंवा थेट मुखावर चिकटलेली असते. तिला धक्का लागून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, मुदतीपूर्वी कळा येत असतील, किंवा गर्भाशयाचे मुख अकाली उघडू लागल्याने त्याला टाका घातलेला असेल, तर संबंध टाळण्याचा सल्ला पाळावाच. येथे एक बारकावा हातून निसटतो. साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार खाली दिसते अशा बहुतेक स्त्रियांमध्ये गर्भाशय वाढत जाताना ती वर सरकते, आणि म्हणून साधारण ३२ आठवड्यांना पुन्हा तपासणी करतात. पाचव्या महिन्यात केलेली मनाई त्या दुसऱ्या अहवालानंतरही लागू आहे का, हे विचारले नाही तर कारण संपल्यावरही ती चालूच राहते.

इच्छेचे चढउतारही स्वाभाविक असतात. पहिल्या तिमाहीत मळमळ, थकवा आणि स्तनांतील दुखरेपणा यांमुळे अनेकींना जवळीक नकोशी होते, मधल्या महिन्यांत काहींना ती पूर्वीपेक्षा हवीशी वाटते, आणि शेवटी पोटाच्या भारामुळे पुन्हा अवघडलेपण येते. उत्तरार्धात पाठीवर सपाट निजल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येऊ शकते, म्हणून कुशीवर झोपून साधलेली जवळीक सोयीची ठरते. योनीत जोराने हवा फुंकणे मात्र घातक आहे, कारण हवेचा बुडबुडा रक्तप्रवाहात शिरू शकतो. संबंधांनंतर रक्ताचा डाग दिसला तर तो पुष्कळदा निरुपद्रवी असतो, परंतु तो तसाच आहे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. स्त्रीने नको म्हटल्यावर वैद्यकीय कारण विचारण्याची गरज उरत नाही. तिच्या इच्छेविरुद्धची बळजबरी हा लैंगिक छळ आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात त्याविरुद्ध दाद मागता येते, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मिळते.

या विषयावरचे मौन आरोग्याला किती महागात पडू शकते, हे पुणे जिल्ह्याने झिकाच्या निमित्ताने पाहिले. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिली झिका-लागण आढळली. हा विषाणू एडिस डासांमार्फत पसरतो, पण तो वीर्यातही काही आठवडे टिकत असल्याने शरीरसंबंधांतूनही संक्रमित होतो, आणि गर्भवतीला झाल्यास बाळाचा मेंदू व डोके खुरटण्याचा धोका असतो. म्हणून बेलसरमध्ये आरोग्य यंत्रणेला निरोध वाटून काही महिने गर्भधारणा टाळण्याचे आवाहन करावे लागले. एरवी चारचौघांत न उच्चारली जाणारी गोष्ट गावात उघडपणे सांगितली गेली. जून २०२४ पासून पुणे शहरात, प्रथम एरंडवण्यात, पुन्हा रुग्ण सापडले आणि त्यांत गर्भवतीही होत्या. ३ जुलै २०२४ रोजी केंद्राने गर्भवतींच्या तपासणीबाबत राज्यांना सूचना दिल्या. बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात हेच डास वाढतात, त्यामुळे पिंपळे सौदागरमध्ये आठवड्यातून एकदा पाळायचा कोरडा दिवस हाही गर्भवतीच्या आरोग्याचाच भाग ठरतो. साथीच्या काळात पतीला लागण झाली असेल किंवा तशी शंका असेल, तर गरोदरपण संपेपर्यंत निरोध वापरणे किंवा संबंध टाळणे हा सल्ला आहे. सिफिलिस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांचीही बाधा आईकडून बाळाला होते. पत्नीच्या रक्ततपासण्या ठरलेल्या असतात, पतीची तपासणी मात्र बऱ्याचदा राहून जाते, आणि उपचार एकटीवर होऊन पुन्हा बाधा होण्याची वाट मोकळी राहते.

मराठीत या प्रश्नांना उत्तरे देण्याची परंपरा नाही असे नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली जात. १९३४ मध्ये अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. ज्या उत्तरांसाठी कर्व्यांना दंड भरावा लागला, ती देण्याचे कर्तव्य आज प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाचे आहे. वजन, रक्तदाब आणि फाइलवरच्या गोळ्यांची नावे यांत दहा मिनिटे संपतात, शेजारी बसलेला पती मोबाइलकडे पाहत राहतो, आणि ‘संबंध टाळा’ एवढे दोन शब्द ऐकून दोघे बाहेर पडतात. हे रुग्णालयांनी बदलले पाहिजे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी असो किंवा खासगी दवाखान्यातील पुढच्या भेटीत असो, पती-पत्नींनी मिळून विचारावे: आम्हाला संबंध ठेवण्यास हरकत आहे का, असल्यास कोणत्या कारणाने आणि कोणत्या आठवड्यापर्यंत?