काळी म्हैस, पांढरा बगळा आणि कॅमेऱ्याचा अंदाज

डिसेंबरातील एका सकाळी नववीचा एक विद्यार्थी मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन आला. बांधावर म्हैस चरत होती आणि तिच्या पाठीवर लांब, दुभंगलेल्या शेपटीचा एक पक्षी बसला होता. "सर, राखी कोतवाल! वर्गाच्या पक्षिनोंदवहीत लिहू ना?"

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. आपला नेहमीचा कोतवाल काळाकुळकुळीत असतो. त्याचा भाऊबंद असलेला राखी कोतवाल हिमालयाकडून हिवाळ्यातच आपल्याकडे उतरतो. फोटोतील पक्षी राखाडी होता, महिनाही बरोबर होता. पण मी त्याला वेगळाच प्रश्न विचारला, "ही म्हैस कोणाची?"

"आमचीच."

"तिचा रंग कोणता?"

"काळा," असे म्हणून त्याने पुन्हा फोटोकडे पाहिले आणि तो थबकला. फोटोत त्यांची काळीभोर म्हैसही राखाडीच दिसत होती!

म्हशीचा रंग चुकला असेल, तर तिच्या पाठीवरच्या पक्ष्याचा रंग खरा कसा मानायचा? कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण समजतो. मग येथे काय घडले?

कॅमेरा काय मोजतो?

फोटो काढताना किती प्रकाश आत घ्यायचा, हे कॅमेऱ्यातील प्रकाशमापक ठरवतो. पण तो सूर्याचा प्रकाश मोजत नाही. वस्तूवरून परावर्तित होऊन भिंगात शिरलेला प्रकाश मोजतो. येथेच अडचण आहे. थोडाच प्रकाश आत आला, तर वस्तू काळी आहे की अंधार आहे, हे त्याला कसे कळावे? त्यासाठी बनवणाऱ्यांनी त्याला एक गृहीतक दिलेले असते: समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे.

हा मध्यम करडा म्हणजे किती? छायाचित्रणात त्यासाठी पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के प्रकाश परावर्तित करणारा करडा पुठ्ठा परंपरेने वापरतात. 50 टक्के का नाही? कारण आपल्या डोळ्यांची संवेदना प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. 18 टक्क्यांचा पुठ्ठाच आपल्याला काळ्या व पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर असल्यासारखा वाटतो.

आता म्हशीने चौकट भरून गेली की मापकाला फार कमी प्रकाश मिळतो. 'अंधार दिसतो,' असे समजून तो जास्त प्रकाश आत घेतो आणि म्हैस व कोतवाल दोघेही राखाडी होतात. उलट, पांढऱ्या गायबगळ्याने चौकट भरली, तर 'प्रकाश फार झाला' असे समजून तो प्रकाश कमी करतो आणि बगळा मळकट उतरतो. हिवाळ्यात गायबगळा जवळजवळ पूर्ण पांढरा असतो. त्याच्या डोक्यामानेवरचा नारिंगी रंग विणीच्या काळातला.

करून पाहा

एक पांढरा कागद, एक काळा पुठ्ठा व एक करडा पुठ्ठा घ्या. तिन्ही सारख्याच सावलीत ठेवा. फ्लॅश बंद करून प्रत्येकाचा चौकट पूर्ण भरेल असा वेगळा फोटो काढा. तिन्ही फोटो बरेचसे सारख्याच करड्या रंगाचे येतील. मग तिन्ही शेजारी ठेवून एकच फोटो काढा. आता फरक लगेच दिसेल, कारण कॅमेऱ्याला तुलनेला काहीतरी मिळाले.

थोडे गणितही करता येईल. समजा, पांढरा कागद 80 टक्के आणि काळा पुठ्ठा 5 टक्के प्रकाश परावर्तित करतो. म्हणजे फरक 16 पट, अर्थात चार वेळा दुप्पट. प्रकाशाच्या अशा प्रत्येक दुपटीला छायाचित्रकार एक 'स्टॉप' म्हणतात. म्हणून हा फरक चार स्टॉपचा झाला.

उपाय

बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर बोट टेकवल्यावर प्रकाश कमी-जास्त करण्याची पट्टी दिसते. मोठ्या कॅमेऱ्यात त्यासाठी अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. काळ्या प्राण्यासाठी प्रकाश कमी करावा, पांढऱ्यासाठी वाढवावा. ऐकायला हे उलटे वाटते, पण कारण आता आपल्याला माहीत आहे. म्हैस आणि बगळा एकाच चौकटीत असतील, तर बगळ्याला सांभाळावे. पांढरा भाग एकदा पांढराफटक झाला की पिसांचे तपशील परत मिळत नाहीत. अंधारलेला भाग नंतर थोडाफार उजळता येतो.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच उन्हातील हिरव्या गवतावर मापन करून ते कायम ठेवणे. गवत साधारण मध्यम करड्याइतकाच प्रकाश परावर्तित करते.

हिवाळ्याचे ऊन

या कामाला हिवाळा सोयीचा, कारण सूर्य कलता असतो. मेच्या मध्यास पुण्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि प्राण्याचे पोट, डोळे सावलीत जातात. 22 डिसेंबरला मात्र तेथे माध्यान्हीलाही तो क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवरच असतो. त्या दिवशी सकाळी साडेआठला तो जेमतेम 17 अंशांवर असतो आणि एक मीटर काठीची सावली तीन मीटरहून लांब पडते. असे तिरपे ऊन प्राण्याच्या कुशीवर, डोळ्यात, पिसांच्या कडांवर पडते. सूर्य आपल्या पाठीमागे ठेवावा. तो प्राण्यामागे असेल, तर पांढरा बगळाही काळी आकृती होऊन जातो.

मात्र या उन्हातही सावध राहावे. सकाळच्या सूर्यकिरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो. त्यातील निळा प्रकाश अधिक विखुरतो व पांढऱ्या पिसांवर पिवळसर झाक येते. थंडीत पक्षी पिसे फुलवून त्यांत हवा कोंडून ठेवतात, त्यामुळे ते फोटोत एरवीपेक्षा गुबगुबीत दिसतात.

म्हणून प्रत्येक फोटोसोबत वेळ, सूर्याची दिशा, आणि *डोळ्यांना दिसलेला* रंग वहीत लिहावा. पक्षी उडावा म्हणून दगड मारू नये, म्हैस आणि रेडकू यांच्या मध्ये जाऊ नये, आणि गुरांच्या मालकाला आधी विचारावे.

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी प्रकाश कमी करून पुन्हा फोटो काढला. म्हैस काळी आली, पक्षीही काळा आला आणि त्याच्या चोचीच्या मुळाशी नेहमीच्या कोतवालाची ओळख असलेला बारीक पांढरा ठिपका दिसला. नोंदवहीत 'राखी कोतवाल' आला नाही. पण त्या पानावर आता दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले आहेत, आणि खाली त्याच्याच अक्षरात लिहिले आहे: "म्हैस आमची होती म्हणून चूक कळली."