म्हातारपण, आतड्यातले जीवाणू आणि दाह: समज आणि वस्तुस्थिती

माणूस, चिंपांझी, बबून, माकडे, लेमूर हे सगळे एकाच प्रायमेट गणातले. या प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात जीवाणूंची दाट वस्ती असते. न पचलेले तंतू आंबवून हे जीवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यांवरच जगतात. वयाबरोबर ही वस्ती बदलते आणि शरीरातला दाहही पुष्कळदा वाढतो. या दोन गोष्टींची सांगड घालताना मात्र बरेच चुकीचे समज रूढ झाले आहेत.

शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हे विधान अजूनही सर्रास छापले जाते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी 2016 मध्ये नव्याने हिशेब मांडला, तेव्हा 70 किलो वजनाच्या पुरुषात जीवाणू सुमारे 38 लाख कोटी आणि पेशी 30 लाख कोटी भरल्या. म्हणजे जवळपास बरोबरी. या सगळ्या जीवाणूंचे वजन जेमतेम 200 ग्रॅम.

दाह म्हटले की सूज, लाली, ताप डोळ्यांसमोर येतो. म्हातारपणातला दाह असा दिसत नाही. तो मंद असतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि रक्तातल्या इंटरल्यूकिन-6 किंवा सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारख्या घटकांच्या वाढीतूनच कळतो. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले.

या दाहाचा सगळा दोष जीवाणूंवर टाकण्याची कल्पना जुनी आहे. प्रतिकारशक्तीवरील कामासाठी 1908 चे नोबेल मिळवणारे इल्या मेच्निकॉव्ह यांच्या मते, मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या पदार्थांच्या विषामुळेच माणूस म्हातारा होतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या 2017 च्या प्रयोगात पूर्णतः जीवाणूरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये वयाबरोबर येणारा दाह दिसला नाही. म्हाताऱ्या उंदरांचे जीवाणू त्यांच्यात आल्यावर मात्र दाह वाढला. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. टीएनएफ हा दाहकारक रेणू औषधाने दाबल्यावर म्हाताऱ्या उंदरांची जीवाणूंची वस्तीच बदलली. जीवाणू दाह वाढवतात आणि दाह जीवाणूंची वस्ती बिघडवतो, असे हे दुहेरी नाते आहे. मधला दुवा म्हणजे आतड्याचे अस्तर. ते कमकुवत झाले की जीवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारशक्ती सतत जागी राहते. व्हर्व्हेट जातीच्या माकडांच्या निरोगी दिसणाऱ्या वयस्क माद्यांमध्येही या गळतीच्या खुणा तरुण माद्यांपेक्षा जास्त आढळल्या.

वय वाढले की दाह वाढणारच, हा नियमही सार्वत्रिक नाही. इटली व सिंगापूरच्या लोकांची तुलना बोलिव्हियातील त्सिमाने आणि मलेशियातील ओरांग अस्ली या आदिवासी समाजांशी करणारा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. या आदिवासींमध्ये संसर्गामुळे होणारा दाह भरपूर होता. पण पहिल्या दोन समाजांत दिसलेली वय, दाह आणि जुनाट आजार यांची साखळी तिथे दिसली नाही.

या साऱ्यावर सर्वांत बारकाईने प्रकाश टाकणारा पुरावा केनियातील अम्बोसेलीच्या रानटी बबूनांचा आहे. तिथे 1971 पासून एकेक प्राणी ओळखून त्याच्या आयुष्याची नोंद ठेवली जाते. निरीक्षक ठरावीक बबूनावर नजर ठेवतो, त्याची विष्ठा पडताच नमुना उचलतो आणि अल्कोहोलमध्ये ठेवतो. अशा 14 वर्षांच्या, 479 प्राण्यांच्या, 13 हजारांहून अधिक नमुन्यांवरून संशोधकांनी ‘जीवाणू-घड्याळ’ तयार केले. त्यावरून बबूनाच्या वयाचा अंदाज बांधता येतो. पण हे घड्याळ सगळ्यांसाठी सारखे चालत नाही. कळपात वरचे स्थान असलेल्या नरांचे आतडे खऱ्या वयापेक्षा म्हातारे ठरले. सर्वांत लक्षणीय निष्कर्ष असा की या घड्याळातले वय मृत्यूचा धोका सांगत नाही. ते प्रामुख्याने प्राण्याच्या सध्याच्या सामाजिक आणि भोवतालच्या परिस्थितीचे प्रतिबिंब असते. म्हणून ‘आतड्याचे वय’ मोजून आयुष्याचा अंदाज सांगणाऱ्या चाचण्यांवर विसंबणे घाईचे आहे.

परिस्थितीचा हा हात रक्तातही दिसतो. पोर्टो रिकोजवळच्या कायो सँटियागो बेटावर 1938 मध्ये भारतातून सुमारे 400 लाल तोंडाची माकडे नेली गेली. त्यांच्या वंशजांनी 2017 चे मारिया वादळ सोसले. त्यानंतर त्यांच्या प्रतिकारपेशींतील जनुकांची हालचाल सरासरी दोन वर्षांनी अधिक म्हातारी झालेली आढळली.

दही-ताक किंवा प्रोबायोटिकच्या गोळ्यांनी हे सारे मागे फिरते, हा समज मेच्निकॉव्ह यांच्या काळापासून चालत आला आहे. दही उत्तम अन्न आहे, पण त्यातले जीवाणू सहसा मोठ्या आतड्यात कायमचे घर करत नाहीत. तिथे रोज काय पोहोचते, याला अधिक महत्त्व आहे. आयर्लंडमधील 178 वृद्धांच्या 2012 च्या अभ्यासात घरी राहणाऱ्यांचा आहार विविध होता आणि जीवाणूही विविध होते. दीर्घकाळ शुश्रूषागृहात असलेल्यांमध्ये ही विविधता कमी, तर दाह आणि अशक्तपणा जास्त होता. शुश्रूषागृहात आल्यावर आधी बदलत होते ते ताट. जीवाणूंची वस्ती त्यामागून, सावकाश बदलत होती.