देवीचे छप्पर

दसरा आटोपला, की आमच्या घरी दोन गोष्टी न चुकता येतात. एक फराळाच्या सामानाची यादी आणि दुसरे गावच्या मंडळाचे पावतीपुस्तक. यंदा ते पुस्तक घेऊन आला तो नात्याने माझा पुतण्या लागतो. चहाची कपबशी खाली ठेवून तो म्हणाला, "काका, या वर्षी हात जरा सैल सोडा. देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. वर स्लॅब, खाली फरशी आणि पुढे सभामंडप."

"सभामंडपाला जागा कुठली?" मी विचारले.

"रहाटीतली दहा-बारा झाडं काढली की झालं. लाकडाचेही पैसे येतील. आणि आम्ही कौल लावला होता, 'देऊळ नवं करू का' म्हणून. देवीनं उजवा दिला!"

त्या दिवशी मी पावती फाडू दिली नाही. "रविवारी ये," म्हणून त्याला निरोप दिला. रविवारपर्यंत जे विचार डोक्यात घोळत राहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांतून अशी पावतीपुस्तके फिरत असतात.

रहाटी म्हणजे देवरहाटी. हिलाच इतरत्र देवराई म्हणतात. गावाने देवाच्या नावाने राखलेले हे रान. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, आणि काही ठिकाणी तर गळून पडलेली वाळकी फांदीही चुलीसाठी घरी न्यायची नाही. आत काळकाई, वाघजाई अशी एखादी देवी. पुष्कळदा ती मूर्तीही नसते. शेंदूर फासलेला तांदळा असतो, आणि त्याच्या डोक्यावर झाडांच्या फांद्यांखेरीज दुसरे छप्पर नसते. लहानपणी आमच्या रहाटीतून जाताना बरोबरचा गडी आम्हांला मोठ्याने बोलूही देत नसे. पुढे कॉलेजात गेलो आणि या भित्रेपणाला मी यथेच्छ हसलो.

हसणारा मी पहिला नव्हे. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा इंग्रज कंपनीचा डॉक्टर 1801च्या सुमारास कारवारच्या बाजूने हिंडत होता. ही राने गावदेवाची आहेत, पुजाऱ्याच्या परवानगीवाचून येथे झाड तोडता येत नाही, असे लोकांनी त्याला सांगितले. त्याने प्रवासवर्णनात काय नोंदवावे? तर सरकारने जंगलावर हक्क सांगू नये म्हणून लोकांनी काढलेली ही एक युक्ती आहे! देवाच्या आड माणसे स्वतःचेच काही राखीत आहेत, एवढे त्याने ओळखले. काय राखीत आहेत, हे मात्र त्याने विचारले नाही.

ते विचारणारी माणसे पुष्कळ उशिरा आली. 1970 नंतरच्या काळात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सह्याद्रीतील देवराया पायांखाली घालू लागले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी काळकाईची राई तोडण्याचे घाटत होते, आणि ती वाचवावी म्हणून गावकऱ्यांनी या शास्त्रज्ञांना साकडे घातले. राई कशासाठी हवी, असे विचारल्यावर त्यांनी केवळ देवीच्या कोपाकडे बोट दाखवले नाही. रान गेले तर ओढा आटेल, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. अधिकाऱ्यांशी बोलणे झाले आणि ती राई वाचली.

यात चमत्कार काहीच नाही. जुन्या रानात पालापाचोळा वर्षानुवर्षे साचतो, कुजतो आणि जमीन भुसभुशीत राहते. कोकणातला धो धो पाऊस उघड्या कातळावरून पाहता पाहता समुद्राला मिळतो. रानात तोच पाऊस मुळांच्या आधाराने जमिनीत मुरतो आणि झऱ्याच्या रूपाने पुढे कितीतरी दिवस पाझरत राहतो. म्हणूनच देवराईपाशी झरा, कुंड किंवा विहीर पुष्कळदा सापडते.

पाण्याचे झाले, तेच पाखरांचे. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी घरटे बांधीत नाही. जुन्या, जाडजूड झाडाची ढोली त्याला लागते. मादी आत बसते आणि ढोलीचे तोंड विष्ठेने लिंपून घेते. राहते ती एक बारीक फट. तेवढ्यातून नर तिला आणि पुढे पिल्लांना कित्येक आठवडे फळे भरवतो. अशी ढोली पडायला बेहड्यासारखे झाड म्हातारे व्हावे लागते, आणि झाडाला म्हातारपण लाभते ते देवीच्या राज्यात! इतरत्र ते त्याआधीच तोडले जाते. पुढे हाच पक्षी फळांच्या बिया रानोमाळ टाकून नवी झाडे रुजवतो.

ही व्यवस्था काही आपल्याच मुलखाची नव्हे. राजस्थानात हिला ओरण म्हणतात, केरळात कावू, कोडगूत देवरकाडू. मेघालयातील खासी लोकांचीही अशी पवित्र राने आहेत. भाषा निराळ्या, देव निराळे. पण शहाणपण एकच. लिहिता न येणाऱ्या माणसांनी ते पोथीत न ठेवता भयात ठेवले, एवढेच.

मी भयाची तरफदारी करीत नाही. काही रायांत बायकांना जायला बंदी असते. असले नियम गेले तर कोणाचे काही अडणार नाही. पण भय गेले आणि त्याच्या जागी समज आली नाही, तर मधल्या मोकळ्या जागेत कुऱ्हाड शिरते. आज नेमके हेच चालले आहे. ज्या देवीला शेकडो वर्षे छप्पर लागले नाही, तिला आपण स्लॅब देतो. आणि ज्या रानामुळे ती देवी झाली, तेच विकून स्लॅबचा खर्च भागवतो. तो खर्च गावातला शेतकरी एकटा करीत नाही. त्यात तुमची-माझी वर्गणी असते, आणि नव्या फरशीवर आपली नावेही कोरलेली असतात.

रविवारी पुतण्या आला. मी त्याला विचारले, "कौल लावताना झाडांचे विचारले होतेत का रे?"

तो गडबडला. "तसं वेगळं नाही विचारलं."

"मग आता विचारा. गुरवाला म्हणावे, 'रहाटी तोडू का' असा नीट प्रश्न घाल. आणि विचारण्याआधी खालच्या वाडीतल्या बायकांना घेऊन जा. वैशाखात झऱ्यावर हंडा भरायला किती वेळ लागतो, ते त्या देवीसमोर सांगतील."

पावती मी फाडली. रक्कम ठरवली होती त्याहून थोडी अधिकच लिहिली; पण मागच्या बाजूला दोन ओळी घातल्या, की हे पैसे जुनी कौले परतण्यासाठी आणि झऱ्यातील गाळ काढण्यासाठी आहेत; एक जरी झाड पडले, तरी ते परत करावेत.

पुतण्याने त्या ओळी दोनदा वाचल्या, पावतीची घडी केली आणि म्हणाला, "मंडळापुढं ठेवतो, काका. पण बाकीच्यांनीही असंच लिहून दिलं, तर माझं काम सोपं होईल."

मला वाटते, तो बरोबर बोलला.