जपानी शिकताना मध्ये इंग्रजी कशाला?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना परकी भाषा शिकवणारी एक संस्था आहे. तिच्या हिशेबानं, इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामकाजापुरती जपानी यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात. चिनी, कोरियन, अरबी यांच्यासोबत जपानी सर्वांत अवघड गटात मोडते. त्यात लिपीचा वाटा मोठा आहेच, पण व्याकरणही इंग्रजी भाषकाला दमवतं. आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी 'गेंकी'सारख्या इंग्रजीतून समजावणाऱ्या पुस्तकांवरच जपानी शिकतात आणि ज्या अडचणी मुळात आपल्या नाहीतच, त्या नाहक अंगावर ओढून घेतात.

एक वाक्य घेऊ. 'किनो तोमोदाचि गा कात्ता होन ओ देन्शा दे योन्दा.' आता शब्दाखाली शब्द मांडा : काल, मित्रानं, घेतलेलं, पुस्तक, ट्रेनमध्ये, वाचलं. क्रम जराही हलवावा लागला नाही. इंग्रजी भाषकाला मात्र हे वाक्य जवळजवळ उलटं करून घ्यावं लागतं. त्याला आधी 'मी' हवा, लगेच क्रियापद हवं, मग पुस्तक. आणि ते कुणी, कधी घेतलेलं हे पुस्तकाच्या मागून जोडायचं. जपानी वाक्यात 'मी' नाहीच. आपल्या 'वाचलं'मध्येही तो नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडत नाही. इंग्रजी भाषक सुरुवातीला प्रत्येक वाक्यात 'वाताशि वा', म्हणजे 'मी', घालतो, म्हणून त्याचं बोलणं जपानी कानाला खटकतं.

या वाक्यातले 'गा', 'ओ', 'दे' हे नामामागून येणारे छोटे शब्द आपल्या प्रत्ययांचं काम करतात. 'ओ' ही कर्माची खूण. मराठीत 'पुस्तक वाचलं' असं नुसतं चालतं, जपानीत पुस्तकालाही खूण लागते. एवढं लक्षात ठेवलं की पुरे. 'दे' आणि 'नि' यांच्याकडे मात्र नीट बघावं लागतं. 'टोकियोत राहतो' आणि 'टोकियोत नोकरी करतो', दोन्हीकडे आपला 'त' चालतो, इंग्रजीतही एकच शब्द चालतो. जपानी माणूस राहण्याला 'तोक्यो नि' म्हणतो आणि नोकरी करण्याला 'तोक्यो दे'. असणं-राहणं असेल तर 'नि', तिथं काही कृती घडत असेल तर 'दे'. इथं मराठी आणि इंग्रजी भाषक सारखेच चुकतात.

मराठीचा खरा फायदा होतो तो क्रियापदाच्या 'ते' रूपात. 'नोमु'चं 'नोन्दे', 'काकु'चं 'काइते' कसं होतं ते पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही. पण रूप एकदा जमलं की पुढची वाट ओळखीची आहे. 'ते' म्हणजे आपला 'ऊन'. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, आणि 'मिरु'चा मूळ अर्थही बघणं हाच. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणं, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणं. घरातून निघताना नुसतं 'जातो' म्हणू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. जपानी मूल म्हणतं 'इत्ते किमासु', जाऊन येतो. इंग्रजी पुस्तकाला यातल्या प्रत्येक रचनेसाठी वेगळा धडा लिहावा लागतो. 'शिमाउ' तर फारच सुंदर आहे. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं, पण 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरून बसलो. काम उरकणं आणि नको ते होऊन बसणं या दोन्ही छटा तिथं एकच शब्द वाहतो.

नामामागून येणाऱ्या त्या छोट्या शब्दांपैकी उरतो तो 'वा', सगळ्यांत चिवट. इंग्रजी भाषक त्याला कर्त्याची खूण समजतो आणि तिथंच गाडी अडते. जेवायला बसल्यावर कुणी 'बोकु वा उनागि दा' म्हणालं, तर तो काही 'मी ईल मासा आहे' असं सांगत नसतो. माझं म्हणाल तर ईल, एवढंच त्याला म्हणायचं असतं. व्याकरणकार मिकामि आकिरा यांनी १९६० साली एका पुस्तकाला नावच दिलं 'ज़ो वा हाना गा नागाइ'. हत्तीचं म्हणाल तर, सोंड लांब. लांब काय आहे ते 'गा' दाखवतो. बोलणं कशाविषयी चाललं आहे ते 'वा' दाखवतो. कर्ता कोण आणि विषय कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा मिकामि यांचा मुद्दा धरून ठेवावा.

तो धरला की पुढचं सुटत जातं. 'कोण आलं?' हे 'दारे गा किता?' असंच विचारायचं, 'दारे वा' कधीच नाही, कारण जो कोण हेच माहीत नाही तो बोलण्याचा विषय कसा होणार? उत्तरही 'गा'नंच येतं : 'तानाका-सान गा किता', तानाका आले. याच प्रश्नाला 'तानाका-सान वा किता' असं उत्तर दिलंत, तर ऐकणाऱ्याला ते 'तानाका तर आले' असं ऐकू जाईल, आणि तो लगेच विचारेल, मग बाकीचे कुठं आहेत?