फ्लूची लस पालखीच्या आधी घेतलेली बरी; घरात पहिला नंबर कुणाचा?

बारामती : पाऊस सुरू झाला की गावोगाव खोकल्याची साथ येते. एकाला झालं की चार दिवसांत अख्खं घर आडवं. "व्हायरल आहे, जाईल दोन दिवसांत" असं म्हणत बहुतेक जण अंगावर काढतात आणि बहुतेकांचं निभावतंही. काही घरांत मात्र निभावत नाही. अशी घरं आधीच ओळखता येतात, आणि फ्लूच्या लशीचा खरा उपयोग तिथंच आहे.

पुणे जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला, ३ ऑगस्ट २००९ रोजी. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. पुढच्या काही दिवसांत शहरातल्या शाळा, कॉलेज, थिएटर बंद ठेवावे लागले, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. तो एच१एन१ विषाणू नंतर कुठं गेला नाही. दरवर्षीच्या फ्लूमध्येच तो मिसळून गेलाय, जोडीला एच३एन२ आणि इन्फ्लुएंझा बी आहेतच.

हे विषाणू सारखे रूप बदलतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत काय असावं ते सुचवते. गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही ती यामुळेच. शिवाय लशीची ताकदही काही महिन्यांत उतरते.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, मग थंडी सरताना पुन्हा डोकं वर काढतो. लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पुढे सराटीला जाते, घरोघरी पाहुणे उतरतात. तारीख लक्षात ठेवायला हीच खूण धरा : पालखी येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी लस. राहून गेलीच तर साथ चालू असतानाही घेता येते.

आता पैशाचं. बाळाच्या सरकारी लसीकरणात फ्लूची लस नाही. त्यामुळे "सगळे डोस झालेत" म्हणजे हाही झाला, असं समजू नका. २०१५ पासून राज्य सरकारने गरोदर महिला, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. साठा कधी असतो, कधी नसतो; म्हणून आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या. खासगी दवाखान्यात एका डोसला हजाराच्या वर जातात. सहा माणसांच्या घराला ते एकदम झेपत नाही. मग क्रम लावावा लागतो.

सगळ्यात आधी गरोदर सून. तिला दिलेल्या लशीचं संरक्षण पोटातल्या बाळालाही मिळतं, आणि जन्मल्यावर सहा महिने होईपर्यंत बाळाला ही लस देताच येत नाही. त्यानंतर शुगर, बीपी, दमा, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेले, ६५ च्या पुढचे आजी-आजोबा आणि सहा महिने ते पाच वर्षांची मुलं. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. धडधाकट गडी शेवटी राहिला तरी चालेल. पण तान्हं बाळ त्याच्याच कडेवर असतं, तर त्याचाही नंबर वर घ्या.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. न्यूमोनिया आणि अॅडमिट होण्याची वेळ मात्र कमी येते. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कधी एखादा दिवस कणकण येते, एवढंच.

घरात कुणी आजारी पडलंच, तर माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस आजार पसरवतो. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणणार? निदान खिडकी उघडी ठेवा, रुग्णाला मास्क द्या, आजी आणि बाळाचं अंथरूण लांब टाका, साबणाने हात धुवा. आई आजारी असेल तर मास्क लावून अंगावर पाजणं चालू ठेवावं.

"एक सलाईन लावा, मोकळं होईल" हा आग्रह सोडा. सलाईनने विषाणू मरत नाही आणि अँटिबायोटिकनेही नाही. फ्लूवर ऑसेलटामिविर हे औषध आहे. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा फायदा जास्त, पण डॉक्टरांनी लिहून दिलं तरच घ्यायचं. वरच्या यादीतल्या माणसाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ-नखं निळी पडणं, गुंगी येणं, लेकराने दूध सोडणं, यातलं काहीही दिसलं तर गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि बारामती किंवा इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

लस २ ते ८ अंश थंडीत ठेवावी लागते, गोठलीही नाही पाहिजे. मेडिकलमधून घेऊन डिकीत टाकायची आणि लाइट गेलेल्या घरातल्या फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवायची, तर पैसे पाण्यात. जिथं टोचून घ्यायची, तिथल्याच फ्रिजमधली घ्या.