घरातील मांजराचे सुख

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट आहे. तेथील मासळीच्या गाळ्यांभोवती घुटमळणाऱ्या मांजराचा दिवस दबा धरण्यात, उडी मारण्यात आणि जागा राखण्यात जातो. त्याच परिसरातील एखाद्या सदनिकेत राहणाऱ्या मांजराला मात्र वेळेवर अन्न मिळते आणि ते दिवसभर झोपलेले दिसते. पाहणाऱ्याला वाटते, किती सुखी जीव! परंतु स्वस्थपणा आणि कंटाळा बाहेरून सारखेच दिसतात. तो भेद ओळखणे ही मांजराच्या लाडाची पहिली पायरी होय.

सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. इतक्या दीर्घ सहवासानंतरही मांजराचा पिंड शिकाऱ्याचाच राहिला आहे. प्रौढ मांजर दिवसातील साधारण १२ ते १६ तास झोपते आणि पहाटे व तिन्हीसांजेला अधिक चपळ असते. म्हणून या दोन वेळी दहा-पंधरा मिनिटे दोरीला बांधलेले पीस किंवा कापडी उंदीर नाचवावा, शेवटी तो मांजराच्या पंजात येऊ द्यावा आणि मग जेवण द्यावे. शिकार, भोजन, अंग चाटणे आणि झोप हा निसर्गक्रम पूर्ण झाला की येणारी विश्रांती खरी असते.

मांजराला उंचावरून पाहणे आवडते. खिडकीजवळची फळी, नखे घासण्यासाठी सुतळी गुंडाळलेला खांब आणि लपण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके एवढ्या साहित्यातही बरेच साधते. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपण्याचे खोके मिळाले, त्यांचा ताण लवकर ओसरल्याचे आढळले. खिडकी व सज्जा यांना मात्र मजबूत जाळी हवीच.

कुरवाळण्याचीही रीत आहे. मांजराला आपण होऊन जवळ येऊ द्यावे. गाल, हनुवटी आणि कानांचे मूळ येथील स्पर्श बहुतेक मांजरांना प्रिय असतो. पोटाला हात लावलेला अनेकांना खपत नाही. शेपटी आपटणे, कान मागे पाडणे किंवा पाठीची कातडी थरथरणे म्हणजे ‘आता पुरे’ अशी सूचना समजावी. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासानुसार, माणसाने मांजराकडे पाहून डोळे हळूच मिटून उघडले, तर मांजर बहुधा तसाच प्रतिसाद देते.

मांजराचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात. दिवाळीचे फटाके असोत वा ८ सप्टेंबरला सेंट मेरी बॅसिलिकाच्या उत्सवाची गर्दी असो, अशा दिवशी आतल्या खोलीत पडदे ओढून मांजराचे खोके तेथे ठेवावे. भेदरलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नये.

लाडाच्या भरात काही चुकाही होतात. बहुतेक प्रौढ मांजरांना दूध नीट पचत नाही. कांदा, लसूण आणि चॉकलेट त्यांना अपायकारक असतात. लिलीच्या फुलांनी त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गुरगुर हे नेहमीच सुखाचे लक्षण नसते. वेदनेतही मांजर गुरगुरते. बोका वारंवार मातीच्या पेटीत बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. तत्काळ पशुवैद्य गाठावा. मांजराने पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तरीही तपासणी लांबवू नये. शहरातील हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक घरात आधीच लिहून ठेवणे श्रेयस्कर.

मांजराचा विश्वास ही आवर्ती ठेवीसारखी गोष्ट आहे. रोजची थोडीशी वेळ, ठरलेला क्रम आणि त्याच्या नकाराचा मान या छोट्या हप्त्यांनीच ती वाढते. एके दिवशी ते आपण होऊन मांडीवर येऊन विसावते, तेव्हा तिचे व्याज हाती येते.