एरंडेलाचीही बाटली निळीच

चोर बाजारात निळ्याशार, सहा बाजूंच्या बाटलीवर बोट ठेवून दुकानदार सांगतो, "विषाची आहे, दीडशे वर्षं जुनी, विलायती." यातलं 'विलायती' तेवढं बहुधा खरं असतं.

निळी म्हणजे विषाची, हा सगळ्यात चिवट गैरसमज. ब्रिटनमध्ये पोरांना पाजायचं एरंडेलसुद्धा निळ्या बाटलीत मिळे, आणि विषारी औषधं हिरव्या किंवा तपकिरी बाटल्यांतही भरत. खरी खूण बोटांसाठी होती. मेणबत्तीच्या उजेडात, अर्धवट झोपेत, खोकल्याच्या औषधाऐवजी चोळायचं औषध कुणी घशाखाली घालू नये म्हणून बाटलीच्या अंगावर उभे कंगोरे काढत. 'नॉट टु बी टेकन' ही अक्षरंही उठावाची. त्यांचा अर्थ 'पिऊ नये' एवढाच. आत साधा अमोनिया, जंतुनाशक किंवा सांध्यांना चोळायचं औषध असे. अशा बाटल्या विसाव्या शतकातही बरीच वर्षं निघत होत्या, त्यामुळे 'दीडशे वर्षं' हा आकडाही लगेच पचवू नये.

दुसरा ठोकताळा साच्याच्या जोडरेघेचा: रेघ जितकी खाली थांबते तितकी बाटली जुनी. ती थांबते, कारण तोंडाचा काठ नंतर हाताने घडवताना पुसली जाते. म्हणजे कळते ती पद्धत, साल नाही. ॲशली नावाच्या एका इंग्रजाच्या बाटलीयंत्राचं पेटंट 1886 चं, पण त्यानंतरही औषधांच्या बाटल्यांचे काठ कित्येक वर्षं हातानेच घडत. शिवाय ओल्या साच्यात बाटली गरगर फिरवली की रेघ मुळीच उरत नाही. तिला 'साच्याच्या आधीची' समजून लोक जादा पैसे मोजतात. रेघ थेट काठावरून गेली असेल तर मात्र ती यंत्राचीच. वय ठरवताना काचेतले बुडबुडे सोडून द्या. सप्तरंगी झाक तर मातीत पुरून राहिल्याने येते.

'आर डी' आणि पुढे आकडा दिसला की माणसं हरखतात. ब्रिटनमध्ये नमुने नोंदवण्याची ही क्रमांकपद्धत 1884 पासूनची. आकड्यावरून कळतं ते नमुना कधी नोंदवला ते. त्याच नमुन्याच्या बाटल्या पुढे वर्षानुवर्षं निघू शकत. 'याआधीची नाही' इतकंच त्यावरून म्हणता येतं.

माझा भरवसा दुकानाच्या नावावर. आडव्या मात्रा-रेघांची साधी बाटली (आपला कंपाउंडर कागदाची दातेरी पट्टी चिकटवून जे काम करी, तेच इथे काचेत) कुणी हातात घेत नाही. पण तिच्यावर केमिस्टचं नाव, रस्ता आणि गाव कोरलेलं असेल, तर त्या गावच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या चाळाव्यात. तो त्या पत्त्यावर कधी आला, कधी हलला, हे सापडलं की बाटलीचं वय काही वर्षांच्या टप्प्यात येतं. आणि बुचावर कागदाचा कपटा उरला असेल तर बाटली पाण्यात बुडवू नका. तो औषधावरच्या कराचा शिक्का असू शकतो. हा कर ब्रिटनमध्ये 1783 पासून 1941 पर्यंत होता, आणि बाटली उघडताना शिक्का फाटावा म्हणूनच तो तिथे चिकटवत.